फुटामागे एक सूत

बाबांची पट्टी खोटी आहे.
उद्यमनगरात, पॅटर्नच्या बाकावर, खिळ्याला टांगलेली.
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत लांब,
कारण बीड थंड होताना आटतं,
म्हणून लाकडात आधीच वाढवून ठेवायचं.
पहिल्या सेमिस्टरला घाईत मी तीच उचलून नेली
आणि माझं पहिलं घर
शीटभर थोडं थोडं माजलं.
सरांनी लाल पेनानं लिहिलं:
सुतार, भिंत कुठे निघाली?

पाच वर्षं.
माउंट बोर्डाचा भुसा, फेव्हिक्विकनं चिकटलेली बोटं,
कटरनं गेलेलं डाव्या अंगठ्याचं टोक,
ते बहुधा अजून त्या नाट्यगृहाच्या छपरात असेल.
केएमटीत मॉडेल मांडीवर घेऊन बसले, तर कंडक्टर म्हणाला,
एवढ्या मोठ्या शाळेचं तिकीट कोण काढणार?

शाळा चिखलीची. थिसिस.
पुरात खांबांवर उभी राहणारी.
पातळी घ्यायला गेले तेव्हा चौगुल्यांच्या आक्काताईंनी
खिडकीच्या वर, पोपडे आलेल्या जागी, हात टेकवला:
"हितवर. आन् म्हस त्या खांबाला बांधलेली."
मी वहीत लिहिलं: अधिक २.१ मीटर.
सेक्शनमध्ये निळी रेघ ओढली, सुबक, सगळ्यात बारीक पेनानं.
म्हशीचं काय झालं ते विचारलं नाही.
ज्युरीला पुण्याहून आलेले म्हणाले, रेघ छान आहे.

आता राजारामपुरी, आठवी गल्ली, दुसरा मजला.
पगार नऊ हजार, चहा ऑफिसचा.
सहा महिने मी फक्त संडास काढले:
टाइल कुठून सुरू, ट्रॅप कुठे, उतार किती.
मग नागाळा पार्कातल्या एका बंगल्याला चार खांब,
जे काहीच पेलत नाहीत.
शिरगावकर सर म्हणतात, पेलतात गं,
पार्टीचा मान पेलतात.
कौन्सिलचा नंबर आला त्या दिवशी
बाबांनी तो शिशाच्या आकड्यांत एका फळीवर जुळवला,
आणि फळी दारावर न लावता
बाकाखाली ठेवून दिली.

मग आक्काताईंचा फोन.
शाळा नको, जिना पायजे. माळ्यावर जायला.
धान्य, शिलाई मशीन, आणि शेळी.
रविवारी बसून काढला: चौदा पायऱ्या,
सात इंच चढ, दहा इंच पाऊल, पुस्तकाप्रमाणे.
इलाही मिस्त्रींनी कागद उलटसुलट बघितला.
"झ्याक हाय ताई. पर शेळीला किती धरलंय?"

शेळी कुठल्याच पुस्तकात नव्हती.
अंगणात उकिडवी बसून मोजली,
तिनं टेपचं टोक चघळलं.
पाऊल एक फुटाचं केलं,
जिना तीन हात पुढे सरकला, तुळशीला वळसा पडला.

आमच्याकडे नदीसुद्धा फुटांत मोजतात:
राजाराम बंधारा, एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
जुलैत सकाळी उठून लोक आकडा विचारतात,
दुधाचा भाव विचारावा तसा.
ती पट्टी तरी खरी असावी.

बाबा एकदाच साइटवर आले.
पिशवीतनं आपली पट्टी काढली,
तिसऱ्या पायरीवर ठेवली, नखानं टोक दाबलं.
"बरोब्बर एक फूट," म्हणाले.
म्हणजे एक सूत जास्त.
इलाही मिस्त्री दुसरीकडे बघत होते.
मी माझा टेप बाहेर काढला नाही.

फी म्हणून दोन हजार मिळाले, आणि गुळाची एक ढेप,
जी ऑफिसच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायची
ते सरांनाही सुचलं नाही.

सेंट्रिंग निघाल्यावर शेळीला पहिल्या पायरीशी आणलं.
हुंगलं तिनं, खुर आपटला,
आणि चौदाच्या चौदा एका दमात चढली.
उतरेना मात्र.
चारा दाखवला, दोरी ओढली, मिस्त्री वर गेले.
आक्काताई खालनंच म्हणाल्या,
"ऱ्हाऊ द्या. तिला आकडा कळला आसंल."