ओलं करून घ्या

आधी मिशी काढावी लागली.
मास्क गालाला घट्ट बसला पाहिजे, केसाएवढी फट नको,
म्हणाल्या तडवी मॅडम, आणि वस्तरा पुढे केला.
बाविसाव्या वर्षापासूनची मिशी
शिवडीच्या बंद रंग-कारखान्यातल्या बेसिनमधून वाहून गेली.

मग तीन नंबरच्या बॉयलरभोवती प्लास्टिकची खोली.
दोन पदर, सांध्यांवर टेप,
आतली हवा गाळून बाहेर फेकणारा पंखा.
तो सुरू झाला तशा भिंती आत ओढल्या गेल्या,
खोकून थांबलेल्या पोटासारख्या.

बाहेर जेसीबीवाला ताटकळलाय.
"एक दणका, की सगळं खाली."
खरंय. सगळं खाली येईल,
फक्त जे कधी खाली बसत नाही ते सोडून.
ते तासन् तास हवेत राहतं,
कवडशात धरलं तरी दिसत नाही.

म्हणून पाणी. त्यात साबणाचे चार थेंब.
गुलाबदाणीतून शिंपडावं तसं, हलकं.
पाइपावरच्या पांढऱ्या लेपाला पिऊ दे, जड होऊ दे.
मगच सुरी. तोडायचं नाही,
भाजलेल्या माणसाची पट्टी सोडवतात
तसं.

हा लेप कुणी चढवला, मला माहीत आहे.
वळणावर, रंगाच्या पापुद्र्याखाली, पंजा उमटलाय:
तीन बोटं, मग रिकामी जागा.
ते बोट बाबांनी प्रेसमध्ये गमावलं, माझ्या जन्माच्या वर्षी.

बाबा घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे.
आई गॅलरीत त्यांचा शर्ट झटकायची,
दोनदा, तोंड बाजूला करून, मग बादलीत.
बाबा एक्क्याऐंशीचे आहेत. जिना चढतात.
आईनं हा कारखाना कधी पाहिलाही नाही.
डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडावर धरला
आणि विचारलं,
"ह्या कुठल्या कंपनीत होत्या?"

"पाष्टे, थांबलात का?" मास्कमागून मॅडम.
मी फवारा पंजावर धरला.
बोटं आधी गडद झाली, मग मऊ,
मग नुसता लगदा.
पिशवीत पिशवी, मान पिरगाळून दुमडली, टेप, लेबल,
तारीख माझ्याच अक्षरात.

सूट तिथेच टाकला. आंघोळ केली, नखंसुद्धा घासली.
घरी मुलगी म्हणाली, कोण हे काका?
बायकोनं शर्टासाठी हात पुढे केला.
शर्ट सकाळचाच, लॉकरमधला, स्वच्छ.

तरी मीच धुतो म्हटलं.