थकव्याची चाचणी

पांढरकवड्याच्या पुढं, स्लॅबवर, उन्हाआधी
कौतिकामावशी कुरडयांचा सोऱ्या दाबते.
मी पर्समधून काढते तुटकी कांडी,
मॅग्नेशियमची. अशीच दाबून साच्यातून काढलेली.

"तुराटीवानी हलकी हाये वं. काहून तुटली?"

एका ओझ्यानं नाही, मावशी.
तेवढं तर तिनं सहज पेललं असतं.
ओढ, दाब, ओढ, दाब,
चार लाखांवर कधीतरी, एका कणाच्या कडेला
केसाएवढी चीर.
जस्त वाढवलं, ताकद आली.
दम काही आला नाही.

"चिकात मीठ जास्त झालं का तसंच," ती म्हणते,
आणि हात बदलते.

उजव्या खांद्याचं ती बोलली नाही.
मीही नाही.
सवयीनं मोजत राहिले:
दोनशे सात,
दोनशे आठ.