करंगळी

सुविचार रोज माझ्याच अक्षरात असायचा,
फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, रंगीत खडूने.
त्या सोमवारी लिहिला:
उजव्या हाताने द्यावे, डाव्याला कळू नये.
इयत्ता दुसरी, एकोणीस मुलं.
खिडकीबाहेर सुरूची झाडं, त्यापलीकडे उन्हात खारे बांगडे,
आणि मी सेवा या शब्दावर बोलत होते
घसा बसेपर्यंत.

इनासने वहीवरून मान वर केली.
"बाई, मी डावरो आसय.
मगे माझ्या खयच्या हातान गप रवाचा?"
वर्ग हसला. नसीम मुजावर तर बाकावरून घसरली.
मी म्हटलं, पुढे लिही.
दुसरं काय म्हणणार?

हाच इनास
दर तासाला करंगळी वर करायचा,
तीही डाव्या हाताची,
आणि नेमकी तास संपता संपता.
मी त्याच्या आईला चिठ्ठी पाठवली.
जंतांची गोळी दिली, गुळाच्या खड्यात दाबून.
त्याने ती मुकाट्याने गिळली,
गूळ आधी चाटून.
करंगळी थांबेना.
मग एक दिवस मी जाऊच दिलं नाही.
तो दाराकडे बघत उभा राहिला,
एक पाऊल दुसऱ्यावर घासत,
डोळ्यांत पाणी, पण कारण नाही सांगितलं.
त्या दिवशी बारांची घंटा आठ मिनिटं उशिरा झाली.
मी दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत.
शिकवणाऱ्यांचं होतं असं कधी कधी.

घंटा बस्त्यांव द्यायचा.
पूर्वी रांपणीवर होता. दोर ओढून ओढून
तळहाताच्या रेषा पुसल्या गेलेल्या.
घंटा बुडालेल्या गलबताची,
आणि तिची दोरी तेवढी तो न बघताही धरायचा.
आम्हाला वाटायचं, सवय.

मार्चमधल्या एका दुपारी
मी इनासच्या मागोमाग गेले, चपला हातात घेऊन.
तो मोरीकडे वळलाच नाही.
ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळाखाली थांबला,
ओठ हलवत काटे मोजले,
मग पडवीच्या टोकाला पळाला
आणि बस्त्यांवच्या सदऱ्याचं टोक ओढलं.
"बारा," एवढंच.
बस्त्यांवने मान हलवली, समोर बघत,
जिथे काहीच नव्हतं.
दोन्ही डोळ्यांवर शिंपल्याच्या आतला रंग.

तेव्हा आठवलं,
गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतर याच पोराने विचारलं होतं,
"बाई, मोठो काटो खय गेल्यार बारा वाजतत?"
तो धडा दुसरीला नव्हता.
मी खूष झाले होते. हुशार आहे म्हणाले होते.

घंटा झाली.
वर्गात पोरं उठून उभी राहिली.
कुणी खुरीस काढला, कुणी हात जोडले,
नसीमने ओंजळ उघडली.
मी खांबाआड, चपला छातीशी धरून,
आणि इतक्या वर्षांची पाठ प्रार्थना
पहिल्या शब्दालाच अडली.

सिस्टर आसुंतांना सांगायला गेले.
नोकरीचा प्रश्न होता, म्हाताऱ्याच्या डोळ्यांचा होता.
त्या वह्यांना पुठ्ठे घालत होत्या.
बोलायच्या आधी माझी नजर घड्याळाकडे गेली.
ते खाली आलं होतं, माझ्या खांद्याच्याही खाली.
वरचा खिळा तसाच, घट्ट. नवा खिळा बराच जुना दिसत होता.
"काही हवं होतं?" सिस्टरनी विचारलं, दोरा तोडत.
"खडू," मी म्हटलं.
त्यांनी दोन दिले.
पुढच्या महिन्यात बस्त्यांवला वेंगुर्ल्याला नेलं, दवाखान्यात,
कुणी, कशाने, ते मला माहीत नाही.
एक डोळा सुधारला, एक नाही.

त्या दुपारनंतर करंगळी वर झाली की
मी फळ्याकडे तोंड करायचे.

शनिवारी वह्या तपासल्या.
इनासची अक्षरं उजवीकडे कललेली, शिडात वारं भरल्यासारखी,
आणि शाई तळहाताने फासलेली सगळ्या ओळीवर.
'उजव्या'चा उ दीर्घ काढला होता.
तेवढा मात्र मी दुरुस्त केला.