लॉस्ट प्रॉपर्टी, बेसमेंट दोन

मनामातल्या मॉलच्या पोटात, पार्किंगच्या खांबांमागे
माझी खिडकी आहे.
वर पाटी: लॉस्ट प्रॉपर्टी.
पहिल्या दिवशी वाचली आणि हसूच आलं.
आमच्या संगमेश्वराकडे प्रॉपर्टी म्हटलं
की मोजणीवाला येतो, चुलते बोलेनासे होतात,
तारखा पडतात.
इथे लहान मुलाचा डाव्या पायाचा बूट
हीसुद्धा प्रॉपर्टी.
कवळीची डबी प्रॉपर्टी, कवळीसकट.
अर्धा खाल्लेला केक नाही,
पण त्याची पिशवी आहे,
असं बद्रियाने शिकवलं.

बद्रिया माझी सुपरवायझर.
तिनेच शब्दांचे कप्पे लावून दिले:
कुलपातलं ते व्हॅल्युएबल्स,
उघड्या फळीवरचं ते बिलाँगिंग्ज,
आणि कुणी सरकत्या जिन्यावर कोसळलं,
अँब्युलन्स निघून गेली,
की मागे उरतं ते पर्सनल इफेक्ट्स.
"इफेक्ट म्हणजे परिणाम ना?" मी विचारलं.
ती म्हणाली, "फॉर्म भर."

फॉर्मात एक रकाना आहे: खूण सांगा.
नुसतं 'माझं आहे' म्हणून इथे काही मिळत नाही.
गुलजमान ड्रायव्हर जपमाळ विचारत आला.
जपमाळा माझ्याकडे अकरा.
म्हणाला, एक मणी फुटला होता,
तिथे बायकोने शर्टाचं बटण ओवलंय.
निघाली. बटण निळं.
त्याने मोजली नाही,
अंगठ्याने बटण चाचपलं आणि गेला.
ज्याला उणीव तोंडपाठ, तो मालक.
हा नियम मात्र माझा, बद्रियाचा नाही.

इंग्रजीचं बरं असतं, एका 'हॅव'मध्ये सगळं मावतं:
आय हॅव अ बॅग, आय हॅव अ ब्रदर, आय हॅव फीवर.
मराठीत बॅग माझ्याकडे असते,
पण भाऊ मला असतो,
ताप मला असतो.
आणि माहेर?
तेही माझ्याकडे नसतं कधी.
मला असतं.
तापासारखं.

माझी इथली जागा म्हणजे एक पलंग
आणि त्याच्याखालचा अंधार.
त्याला बेडस्पेस म्हणतात. भाडं महिन्याच्या महिन्याला.
तिथेच पडल्या पडल्या उमाकांतचा मेसेज वाचला:
ताई, हक्कसोडपत्र पाठवलंय,
एंबसीत जाऊन सही करून टाक,
नुसती फॉर्मॅलिटी.
आत लिहिलंय, मी हे स्वखुशीने,
कसल्याही मोबदल्याशिवाय,
भावावरच्या प्रेमापोटी.
इंग्रजी प्रतीवर नाव: रिलीज डीड.
रिलीज. म्हणजे इतकी वर्षं
मीच मूठ आवळून बसले होते.

खाली चतुःसीमा.
पूर्वेस पाणंद, दक्षिणेस वहाळ,
पश्चिमेस बेर्डे यांची हद्द.
खुणेचा रकाना नाही.
असता तर मी लिहिलं असतं:
विहिरीची चौथी पायरी उजवीकडून कोरलेली,
पाय तिरका टाकावा लागतो.
रातांब्याची झाडं दोन, त्यातलं एक नर,
जन्मात फळ धरलं नाही,
तरी अण्णांनी त्याला कुऱ्हाड लावू दिली नाही.
उमाकांतला विचारा, कोणतं ते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या प्रिंटरवर कागद काढला.
चिठ्ठी लावली.
सापडल्याचं ठिकाण: फोन.
रंग: पांढरा.
मालकाचं नाव, इथे पेन थांबलं, थांबू दिलं.
मग ठेवून दिला फळीवर, छत्र्यांच्या शेजारी.
या वाळवंटात छत्र्या कोण विसरतं देव जाणे,
परत न्यायला तर कुणीच येत नाही.
नव्वद दिवस वाट पाहायची, मग निकालात काढायचं,
हा नियम बद्रियाचा.

आज एकविसावा.
डाव्या बुटाची आई
अजून आलेली नाही.