विषय क्रमांक चौदा

बाराव्या विषयात पाइपलाइन फुटली, तेराव्यात मोकाट गुरं,
आणि जेवणाच्या सुट्टीला बावीस मिनिटं उरली तेव्हा
अध्यक्षांनी चष्मा पुसत चौदावा घेतला:
मांजलपूर, टीपी स्कीम, अंतिम खंड अमुक,
ज्येष्ठांसाठी निवास. सदनिका बहात्तर.

मी इतिवृत्त लिहितो. अठ्ठावीस वर्षं
ऐकतो गुजरातीत, लिहितो गुजरातीत,
फक्त कंटाळतो मराठीत.
खिडकीखाली खंडेराव मार्केट,
मेथीच्या जुड्या, झेंडूचे ढीग,
आणि भाव करणारे आवाज,
आमच्यापेक्षा मुद्द्याला धरून.

केतनभाई बिल्डरने भिंतीवर चित्र टाकलं.
चित्रातली म्हातारी माणसं सगळी हसरी,
पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत,
एकाच्याही हातात औषधांची पिशवी नाही.

हसमुखभाई म्हणाले, पार्किंग?
तरलिकाबेन म्हणाल्या, उंची?
शेजारच्या सोसायटीचं हरकतपत्र वाचलं गेलं, सह्या एकेचाळीस:
रात्री-अपरात्री अँब्युलन्स येईल,
मुलं झोपेत दचकतील,
शिवाय बाल्कनीसमोरून वारंवार
(इथे वाचणारा थांबला, पाणी प्यायला)
वारंवार तशा गाड्या गेल्या
तर जागेचे भाव पडतील.
कोणी हसलं नाही.
मी लिहिलं: वाहतुकीचा प्रश्न.

मग मागच्या बाकावरून इंदुमती शिर्के उठल्या.
उठायला वेळ लागला,
तेवढ्यात दोघांनी आपापले फोन उरकले.
वय ब्याऐंशी. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवलेली,
त्यामुळे रेघ सरळ नसली की त्यांना अजून दिसते.

नकाशा मी पाहिला, त्या म्हणाल्या. छान आहे.
बाग आहे, देऊळ आहे, वाचायला खोली.
न्हाणीघराचं दार चोवीस इंच.
हा माझा वॉकर.

पर्समधून शिंप्याची पिवळी टेप निघाली,
टोकाला पत्र्याची पट्टी.
शिपायाने एक टोक धरलं, न सांगता.
या पायापासून त्या पायापर्यंत
सव्वीस.

"बागेत बसेन हो मी," बाई म्हणाल्या,
"पण आधी आंघोळ?"

त्यानंतर सभागृहात जे झालं
त्याला इतिवृत्तात रकाना नाही.
पंख्याचा आवाज होता, तो आधीपासूनच असणार.
केतनभाई म्हणाले, दोन इंच म्हणजे, बेन,
बहात्तर भिंती सरकवायच्या.
"सरकवा की," बाई म्हणाल्या,
"आम्हाला सरकायला सांगण्यापेक्षा सोपं आहे."

अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले, सूचना चांगली आहे.
पुढच्या सभेत घेऊ.
पुढची सभा म्हणजे आधी पतंग, मग अंदाजपत्रक,
मग आचारसंहिता लागली तर थेट जून.
"जून," बाई म्हणाल्या,
लांबच्या नात्यातल्या कुणाचं नाव आठवावं तसं,
आणि टेप बोटांभोवती गुंडाळू लागल्या, घट्ट,
एक वेढा सुटला, तो पुन्हा घेतला.

मी लिहिलं: मुलतवी.
हा शब्द गुजरातीत आणि मराठीत एकच आहे,
त्यामुळे या खेपेला
कुठल्याच भाषेत लपता आलं नाही.

संध्याकाळी घरी आलो, तो चपला न काढताच
शिवणयंत्राच्या खणातली टेप शोधली.
मार्चमध्ये मी रिटायर होतोय.
आमच्या मोरीचं दार: साडेतेवीस.
पुन्हा मोजलं, जरा ओढून, जरा सैल धरून.
लाकूड ऐकत नाही.

कणकेच्या हातांनी कुमुद बाहेर आली.
टेपकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं.
"आत जा नाहीतर बाहेर या," म्हणाली,
"दारात उभे राहू नका."