तळटीप

विहिरीवरचा धुण्याचा दगड एका कोपऱ्याला खचला,
चौघांनी पहार घालून उलटवला,
तर त्याच्या पोटाला अक्षरं.
पंचफुलाकाकू तिथूनच ओरडली,
"ये वं विशाखे, पाय, तुह्या कालेजातलं निंघालं!"

अक्षरं आधी वरच होती म्हणे.
लुगडं अटकायचं, सूत निघायचं,
म्हणून काकूच्या सासूनं दगड पालथा घालून घेतला.
त्याआधी किती लुगडी त्या ओळींवरून गेली
कोण मोजणार.
त्यात आमचं खारपाण पट्ट्याचं पाणी,
साबणाला फेस येऊ देत नाही,
दगडाला मात्र खातं.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला.
दर्यापूरहून येवद्यापर्यंत एस.टी., मांडीवर लॅटिनचा कोश.
शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोथी कोन्त्या देवाची?"
गावात विचारतात, "कोनाची बोली शिकून राहिली?"
मेलेल्या लोकांची, मी म्हणते.
"मंग ते जबाब देतात का?"
देतात. उशिरा.

दात घासायच्या जुन्या ब्रशनं माती काढली,
वहीचा कागद ठेवून वरून कोळसा फिरवला.
पहिल्या ओळीत उमटलं: फिलिओला.
"म्हंजे?"
लेक. पण लहान. लाडानं लहान केलेलं रूप.
"पोट्टी," गोकर्णा म्हणाली,
आणि इतकं नेमकं कोशातही दिलेलं नाही.
तिचं नाव गेलंय. बापाचं गेलंय.
वर्षं तीन, महिने दोन, एवढं शाबूत.
जुन्या जिनिंगच्या कोण्या साहेबाची असेल,
नसेलही. दगड कोणाच्या बंडीतून इथवर आला
हे सांगणारं आता कोणी उरलं नाही.

शेवटी क्रियापद.
लॅटिनचं आपल्यासारखंच, सगळं सांगून होतं
आणि जीव शेवटच्या शब्दात अडकलेला.
त्याचं शेपूट तेवढं उरलंय, दोन अक्षरं, इ आणि ट.
जगली असेल. वारली असेल.
दोन्हींचं शेपूट तेच.
मी बोटानं रिकामी जागा मोजली:
तीन अक्षरांची. दोन्ही बसतात.

समोर दोघी गोधडी पिळत होत्या,
एक उजवीकडे, एक डावीकडे, न बोलता.
ग्रीकमध्ये फक्त दोघांसाठी वेगळं वचन असतं,
एकही नाही, अनेकही नाही:
डोळे, बैलजोडी, ह्या.
मराठीनं ते कधीच सोडून दिलं.
मला प्रत्यय आठवेना, पेपरातही आठवला नव्हता.
गोधडी मधोमध ताठ झाली,
पाणी निथळत राहिलं.

"निजली," पंचफुलाकाकू म्हणाली.
काय?
"अठी निजली हाय, असं असन.
लेकराच्या दगडावर दुसरं का लिवतीन?
मेली असं लिवते का मायबाप?"

निजते. तेही त्याच शेपटाचं,
मला सुचलंच नव्हतं.
पण त्याला आधी चार अक्षरं लागतात
आणि जागा तीनचीच.
मी पुन्हा मोजली. मग काकूनं मोजली,
तिच्या बोटानं दोनच भरली.

संध्याकाळी दगड बसवला.
अक्षरं खाली.
मी वर ठेवा म्हटलं होतं,
पण लुगडं फाटलं तर मी भरून देणार होते का?

प्रबंधात मी 'वारली' घेतलं, चौकोनी कंसात.
आणि खाली, जिथे जर्मन विद्वानांची आडनावं दाटीनं बसतात,
बारीक टायपात लिहिलं:
निजते. पंचफुला गावंडे, तोंडी. जागा अपुरी.

सरांनी समासात पेन्सिलीनं विचारलंय,
या बाई कोण? कोणतं विद्यापीठ?
आणि 'जागा अपुरी'खाली
दोन रेघा ओढल्यात,
का, ते लिहिलेलं नाही.