सातव्या चारीचं तोंड

रिपोर्टच्या पाठीवर मी बेचकं काढलं.
ही मोठी नळी, आण्णा, आणि ही तिची धाकटी.
अडलंय ते नेमकं फुटतात तिथं.
एक स्टेंट मोठीत घालायचा, धाकटीकडं बघत थांबायचं;
नाहीतर दोन्हीत, एकाला एक भिडवून, आधीच.

आदगोंडा चौगुले, म्हैसाळच्या कालव्यावर पाटकरी,
बत्तीस वर्षं किल्ल्या कमरेला.
कागद उलटा धरला, मग सुलटा.
"हे आमच्या सातव्या चारीचं तोंड हाय की!
सायबानं दोन्हीकडनं सिमेंट केलंवतं.
सांध्यालाच गाळ बसायचा,
दर आवर्तनाला खोऱ्यानं मीच काढायचो."

माणूस कालवा नव्हे, म्हटलं मी.
मंगळवारी विट्याच्या बाईंना दोन घालावेच लागले.
त्यांची धाकटी जवळपास मोठीएवढी,
आणि आजार तिच्यात लांबवर गेलेला.
तिथं थांबून बघणं म्हणजे जुगार.
"आणि माझी?"
तुमची बारीक आहे.

मिरजेत आम्ही कॅथलॅब फार थंड ठेवतो.
मनगटातून तार गेली,
दुसरी धाकटीत राखणीला ठेवली.
फुगा फुगला, जाळी उघडली,
मोठीतून काळं औषध सुसाट धावलं
आणि धाकटीचं तोंड
चिमटीत धरल्यासारखं झालं.

दुसरा स्टेंट सिस्टरच्या हातात, पाकीट न फोडलेलं.
सगळे माझ्याकडं बघतायत.
पडद्यावर ऐंशी टक्के. पडदा वाढवून सांगतो,
हे शिकायला मला चारशे माणसं लागली.
"आण्णा, छातीत दुखतंय?"
"न्हाई. पाठ खाजतीय."
जाळीच्या भोकातून प्रेशरची तार सारली.
पॉइंट अठ्ठ्याऐंशी.
पाणी जात होतं.
अरुंद तोंडातनं, पण शेवटच्या वावरापर्यंत.
राखणीची तार ओढताना जरा अडली,
तेवढ्यात माझ्या घशाला कोरड.
मग सुटली.
पाकीट कपाटात परत.

संध्याकाळी मनगटावरची पट्टी चाचपत विचारलं,
"दुसरं घातलं?"
नाही.
"मग त्याचं बिल लावू नका."
जरा वेळानं, "आणि पुढं बुजली तर?"
माहीत नाही, म्हणाले. बघत राहू.

दरवाजा दोन इंच उघडा ठेवून
रात्रभर काठावर बसलेला माणूस.
त्याला हे उत्तर चाललं.
कागद मागून घेतला,
धाकट्या फांदीजवळ माझ्याच पेननं
आडवी रेघ मारली,
पाण्याची पातळी मोजायला भिंतीवर मारतात तशी,
आणि बाजूला आजची तारीख.